सर्दी मुरली, की बुरशी बसली?

घरातल्या प्रत्येकाची सर्दी आपल्याला पाठ असते. मुलाची पावसात भिजल्याची, सासऱ्यांची थंडीतली, नवऱ्याची धुळीची. कुणाला काढा द्यायचा, कुणाला वाफ, कुणाच्या छातीला ओव्याची पुरचुंडी शेकायची, हेही ठरलेलं असतं. पण घरातल्या बाईचंच नाक चार-चार महिने चोंदलेलं राहतं, फोडणी जळल्याचा वास येत नाही, फरशी पुसायला वाकलं की गाल आणि कपाळ जड होतं, तेव्हा ती एवढंच म्हणते, ‘माझा सायनस जुनाच आहे गं!’ शेजारीण म्हणते, ‘माझाही!’ आणि विषय तिथंच संपतो.

मैत्रिणींनो, खरं तर सायनस हे आजाराचं नावच नाही. सायनस प्रत्येकाला असतात. त्यांना सूज का आली, हा खरा प्रश्न. बहुतेक वेळा कारण साधं असतं. पण काही जणींच्या बाबतीत ते कारण बुरशी असतं. आणि बुरशीचंही एक नाही, चार प्रकारचं दुखणं असतं. एकात महिनाभर थांबलं तरी बिघडत नाही, तर एकात एक दिवसही फार होतो. म्हणूनच ‘सायनसला काय घ्यावं?’ यापेक्षा ‘माझा सायनस नेमका कुठला?’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

सायनस म्हणजे काय?

आपल्या चेहऱ्याची हाडं भरीव नसतात. गालांच्या आत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या मागे खोलवर अशा पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांत हवा असते. आतल्या ओलसर अस्तरातून पातळ चिकट द्राव पाझरत असतो आणि बारीक वाटांनी तो नाकात उतरतो. या वाटा सुजून बंद झाल्या, की मोरी तुंबल्यासारखं होतं. द्राव आतच साचतो, चेहरा ठणकतो, नाक वाहतं किंवा घशात शेंबूड उतरत राहतो.

नेहमीची सर्दी विषाणूंची असते आणि आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. काही वेळा जिवाणूंची लागण होते. त्रास १२ आठवड्यांच्या वर टिकला, तर डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. अशा जुनाट त्रासामागे अ‍ॅलर्जी असेल, नाकात मांस वाढलेलं असेल, वरच्या दाढेची कीड असेल किंवा बुरशी असेल.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. डोळा आणि त्याच्या शेजारची पोकळी यांच्यामध्ये कागदासारखा पातळ हाडाचा पडदा असतो. वरच्या बाजूला मेंदू असतो. त्यामुळे ‘नाकाचं दुखणं’ हे नेहमी नाकापुरतंच राहील, असं नाही.

बुरशी येते कुठून?

पावसाळ्यात भाकरीच्या तुकड्यावर, लोणच्याच्या बरणीत, कपाटातल्या चपलांवर जी दिसते, तिच्याच जातकुळीतली ही मंडळी. बुरशीचे डोळ्यांना न दिसणारे बीजकण हवेत कायम असतात. ओल आलेली भिंत, कुजलेला पालापाचोळा, शेणखत, धान्य, कडबा सगळीकडे ते असतात. आपण सगळेच ते रोज श्वासाबरोबर आत घेतो आणि शरीर त्यांना मुकाट बाहेर काढतं. म्हणून नुसत्या शेंबडाच्या तपासणीत बुरशी दिसली, म्हणजे आजार झालाच असं नाही.

आपल्या देशात सायनसच्या दुखण्यात सर्वांत जास्त सापडते ती अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी. दुसरी म्युकर जातीची. तिचं नाव २०२१ मध्ये घराघरांत पोचलं. ही दुखणी एकापासून दुसऱ्याला होत नाहीत. त्यामुळे रुग्णाचं ताट-वाटी वेगळं ठेवायची काही गरज नाही.

एक नाव, चार आजार

पहिला प्रकार बुरशीच्या गोळ्याचा. एकाच पोकळीत, बहुतेक वेळा गालातल्या, बुरशीचा घट्ट गोळा साठतो. तो पुरुषांपेक्षा बायकांमध्ये, विशेषतः मध्यम वयानंतर जास्त दिसतो. त्रास एकाच बाजूला असतो. एकीकडचा गाल जड होतो, एकाच नाकपुडीतून घाण वास येतो. वरच्या दाढांची मुळं या पोकळीच्या अगदी तळाशी असतात. दाढेत भरलेलं सिमेंट मुळातून वर पोकळीत गेलं, तर त्याभोवती असा गोळा तयार होऊ शकतो. म्हणून पूर्वी वरच्या दाढेचं रूट कॅनाल झालं असेल, तर तज्ज्ञांना आवर्जून सांगा. यावर उपाय म्हणजे दुर्बिणीतून तो गोळा काढून पोकळीची वाट मोकळी करणं. प्रतिकारशक्ती चांगली असेल, तर बुरशीची औषधं बहुधा लागतही नाहीत.

दुसरा प्रकार अ‍ॅलर्जीचा. इथं बुरशी शरीरात घुसत नाही, पण शरीर तिच्यावर चिडतं. पोकळीत डिंकासारखा घट्ट, तपकिरी-हिरवट चिकटा साठतो आणि नाकात द्राक्षांच्या घोसासारखं मऊ मांस वाढतं. हा आजार जास्त करून तरुण मुला-मुलींना होतो. वास जातो, तोंडाने श्वास घ्यावा लागतो. चिकटा फार साठला की हाड फुगतं आणि एक डोळा पुढे आल्यासारखा दिसतो. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या चेहऱ्यात असा फरक दिसला, की घरचे घाबरतात. दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात. पण वेळेवर शस्त्रक्रिया झाली, तर चेहरा बराचसा पूर्ववत होतो. मात्र हे दुखणं उलटतं. म्हणून शस्त्रक्रियेनंतर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा, मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि तपासणीला जाणं काही वर्षं चालू ठेवावं लागतं.

तिसरा प्रकार हळूहळू पोखरणारा. यात बुरशी अस्तर ओलांडून हाडात आणि मांसात शिरते, पण दमादमाने. याचा एक प्रकार भारत, पाकिस्तान आणि सुदानमध्ये जास्त आढळतो आणि तो धडधाकट माणसालाही होतो. गालावर किंवा डोळ्याजवळ न दुखणारी सूज येते, महिनोन्महिने वाढत राहते. कॅन्सरची गाठ तर नाही ना, अशी शंका येते. तुकडा तपासल्याशिवाय उलगडा होत नाही. इथं शस्त्रक्रियेबरोबर बुरशीविरुद्धच्या गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवायच्या नाहीत.

चौथा प्रकार सर्वांत घातक. बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, त्या बंद पडतात आणि पुढचा भाग रक्तावाचून मरतो. मेलेला भाग काळा पडतो. म्युकरला ‘काळी बुरशी’ म्हणायला लागले ते यामुळेच. खुद्द ती बुरशी काळी नसते. हा आजार चार आठवड्यांच्या आतला, आणि कित्येकदा अवघ्या काही दिवसांत डोळ्यापर्यंत, मग मेंदूपर्यंत जातो. तो गाठतो मुख्यतः ज्यांची साखर बेसुमार वाढली आहे त्यांना. कॅन्सरची औषधं घेणारे, अवयव बदललेले आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे यांनाही त्याचा धोका असतो.

२०२१ ने काय शिकवलं?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरने हाहाकार उडवला. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. जूनच्या अखेरीपर्यंत देशात ४० हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. सर्वाधिक रुग्णांच्या राज्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते. अ‍ॅम्फोटेरिसिन इंजेक्शनसाठी लोक गावोगाव फिरले. वर्ध्यात त्याचं उत्पादन सुरू झालं, ते याच दिवसांत. किती घरांत कुणाचा जबडा, कुणाचा डोळा काढावा लागला, ते आपण पाहिलं आहे.

तेव्हा झालं काय? करोनात साखर वाढली, त्यात स्टिरॉइड दिले गेले. काहींना ते गरजेचे होते, काहींनी ते गरज नसताना किंवा जरुरीपेक्षा जास्त दिवस घेतले. साखर आणखी वाढली आणि बुरशीला रान मोकळं मिळालं.

पण हे दुखणं करोनाबरोबर आलं नाही आणि त्याच्याबरोबर गेलंही नाही. चंदीगडच्या पीजीआय या संस्थेत डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी करोनाच्या कितीतरी आधीपासून याचा अभ्यास करत होते. त्यांना दिसलं, की आपल्याकडे म्युकरचं सर्वांत मोठं कारण आटोक्यात नसलेला मधुमेह हेच आहे. काही रुग्णांना तर आपल्याला मधुमेह आहे, हे म्युकर झाल्यावरच कळलं!

मैत्रिणींनो, इथं जरा थांबून विचार करा. नवऱ्याची साखर कधी तपासली, हे आपल्याला तारखेनिशी सांगता येतं. आपली स्वतःची?

त्याच दिवशी निघा!

मधुमेह असेल, स्टिरॉइड चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल आणि पुढचं काही दिसलं, तर उद्यावर ढकलू नका.

- चेहऱ्याच्या एकाच बाजूला दुखणं, सूज किंवा बधिरपणा
- डोळ्यावर सूज, पापणी खाली येणं, एकाचे दोन दिसणं, नजर अंधुक होणं
- नाकातून काळपट किंवा रक्ताळलेला स्राव, नाकात काळ्या खपल्या
- टाळूवर काळा डाग, वरचे दात अचानक हलू लागणं
- ताप आणि डोकेदुखीबरोबर गुंगी येणं

‘पोरांची परीक्षा झाली की जाऊ’, ‘सुगी उरकू दे’ असं इथं चालत नाही. आणि डोळा सुजला म्हणून फक्त डोळ्यांच्या, दात हलला म्हणून फक्त दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन थांबू नका. नाक-कान-घसा तज्ज्ञ जिथं आहेत, अशा मोठ्या रुग्णालयात पोचा.

निदान कसं होतं?

नुसत्या बाहेरून पाहण्याने किंवा साध्या एक्स-रेने हे कळत नाही. पहिली पायरी दुर्बिणीची. बारीक नळी नाकात घालून डॉक्टर आत बघतात. आधी नाक बधिर करतात, त्यामुळे फारसं दुखत नाही. मग सिटी स्कॅन. त्यात हाड कुठं झिजलंय, पोकळी किती भरलीय ते दिसतं. बुरशीचा चिकटा किंवा गोळा असेल, तर भोवतालच्या करड्या भागात पांढरट ठिपके उठून दिसतात. डोळ्याकडे किंवा मेंदूकडे पसरल्याची शंका असेल, तर एमआरआय करतात.

पण शेवटचा शब्द तुकड्याचा. आतला भाग काढून तपासतात. ‘केओएच’ नावाच्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे काही तासांत दिसू शकतात. बुरशी मांसात शिरलीय का, हे पॅथॉलॉजीच्या तपासणीत कळतं. बुरशी वाढवून तिची जात ओळखायची, त्याला कल्चर म्हणतात. त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. म्युकरची शंका असेल, तर डॉक्टर या अहवालांची वाट बघत बसत नाहीत. उपचार आधीच सुरू करतात.

कधी कधी तुकडा बाहेरच्या लॅबमध्ये न्यायचं काम घरच्या माणसांवर येतं. तेव्हा एक गोष्ट विचारून घ्या. पॅथॉलॉजीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवतात, पण कल्चरचा तुकडा सलाइनमध्ये पाठवायचा असतो. फॉर्मालिनमध्ये बुरशी मरते, मग कल्चरमध्ये काही वाढणार कसं? ‘दोन्ही बाटल्या वेगळ्या आहेत ना?’ एवढं विचारायला संकोच कसला!

याबरोबर साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या होतात. अ‍ॅलर्जीचा संशय असेल, तर रक्तातली आयजीई किंवा त्वचेवरची चाचणी करतात.

एकाचं औषध, दुसऱ्याचं विष

आता तुम्ही म्हणाल, एवढे प्रकार आम्हाला कशाला? डॉक्टर बघतील की! त्याचं कारण आहे. आपल्याकडे एकीची चिठ्ठी दुसरी वापरते. ‘मला या गोळ्यांनी दोन दिवसांत मोकळं वाटलं, तूही घे’ म्हणून पाकीट शेजारी जातं. त्यात बरेचदा स्टिरॉइडच्या गोळ्या असतात. अ‍ॅलर्जीच्या बुरशीत डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होतो. पण बुरशी आत शिरत असेल आणि त्यात मधुमेह असेल, तर त्याच गोळ्या साखर वाढवतात, प्रतिकार कमी करतात आणि आजार भडकवतात. म्हणूनच आधी निदान, मग गोळी. मात्र नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा वेगळा. त्याचं औषध अंगात फार थोडं जातं. तो सांगितला असेल, तर घाबरून बंद करू नका.

दुसरी गल्लत बुरशीच्या गोळ्यांची. अंगावर पांढरं जाणं किंवा गजकर्ण यासाठी फ्लुकोनॅझोलची गोळी बऱ्याच जणींना माहीत असते. ‘बुरशीच ना, मग तीच घेऊ’ असं करू नका. अ‍ॅस्परजिलस आणि म्युकर, दोघांवरही ती चालत नाही. अ‍ॅस्परजिलसवर व्होरिकोनॅझोलसारखी औषधं लागतात, तीही म्युकरवर निकामी. म्युकरसाठी अ‍ॅम्फोटेरिसिन शिरेतून देतात आणि नंतर बहुधा पोसाकोनॅझोलच्या गोळ्या. अ‍ॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडावर ताण आणतं, रक्तातलं पोटॅशियम कमी करतं, म्हणून पुन्हा पुन्हा रक्त तपासावं लागतं. ‘रोज किती रक्त काढता!’ म्हणून चिडू नका. दिवस गेले असतील, जाण्याची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते आधीच सांगा. यातली काही औषधं पोटातल्या बाळाला घातक आहेत.

म्युकरमध्ये नुसती औषधं पुरत नाहीत. मेलेल्या भागात रक्तच जात नाही, मग औषध पोचणार कसं? तो भाग कापून काढावा लागतो, कधी एकापेक्षा जास्त वेळा. आणि साखर ताब्यात आणल्याशिवाय दोन्ही उपाय लंगडे पडतात.

बाकीच्या प्रकारांतली दुर्बिणीची शस्त्रक्रिया सहसा नाकपुडीतूनच होते. चेहऱ्यावर टाका येत नाही. नंतर काही दिवस खपल्या साफ करायला जावं लागतं, ते टाळू नका.

घरी काय करावं, काय नको

वाफेने बरं वाटतं, ती जरूर घ्या. पण वाफेने बुरशी मरत नाही. नाक मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांच्या वर वापरले, की नाक उलट जास्त चोंदतं आणि थेंबांची सवय लागते. अँटिबायोटिकचा कोर्स दोनदा-तीनदा होऊनही गुण येत नसेल, तर चौथा कोर्स मेडिकलमधून आणू नका. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, बुरशीवर नाही.

नाक धुवायला डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर पेलाभर, म्हणजे साधारण २४० मिली पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ पुरतं. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच हवं. नळाचं, विहिरीचं कच्चं पाणी नाकात घेणं धोक्याचं आहे. भांडं दर वेळी धुऊन वाळवून ठेवा. भिंतीची ओल बुजवा. बुरसटलेलं धान्य किंवा जुना कडबा झाडताना नाका-तोंडाला पदर नव्हे, नीट मास्क लावा.

खर्चाचीही काळजी असतेच. २०२१ मध्ये राज्य सरकारने म्युकरचे उपचार महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत घेतले होते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर नेऊन, आपलं ऑपरेशन आणि औषधं त्यात बसतात का, हे भरती होतानाच त्यांना विचारा.

आणि तज्ज्ञांकडे जाताना चार प्रश्न कागदावर लिहूनच न्या. माझ्या सायनसचं कारण काय? बुरशी असेल तर ती आत शिरलीय का? तुकडा तपासायला पाठवणार का? माझी साखर किती आहे? जुनी चिठ्ठी, आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंही पिशवीत टाका. ‘किरकोळ असेल तर उगाच डॉक्टरांचा वेळ जाईल’ असं मनात आणू नका. किरकोळ निघालं, तर त्याहून चांगलं काय!

पुढच्या खेपेला घरच्यांची साखर तपासायला लॅबमध्ये जाल, तेव्हा आपलाही हात पुढे करा. त्या एका थेंबभर रक्ताने कदाचित तुमचा डोळा वाचेल.